शेपटीतली जागा

दुपारी तीनच्या सुमारास पाठमोरा सात लाकडी पेट्या हातगाडीवर घालून सहा नंबरच्या बराकीकडे निघाला. काम तसं साधंच होतं. ज्यांचं विमान परत आलं नाही त्यांचं सामान आवरायचं, पेट्यांत भरायचं, आणि दिवस मावळायच्या आत पेट्या कोठीत पोचत्या करायच्या. तळावर हे काम महिन्यातून चार-पाच वेळा तरी निघायचंच. एरवी ते कोठीवाला म्हातारा करी. आज पाठमोऱ्याने ते मागून घेतलं होतं. साहेबांनी त्याला समजावून पाहिलं, की बाबा रे, तू आजच दवाखान्यातून सुटलायस, हात अजून गळ्यात आहे, दुसरं कुणी करेल. तो एवढंच म्हणाला की घरचं माणूस असताना परक्याने हात कशाला लावायचा. साहेबांनी मग नावांची यादी त्याच्या हातात दिली.

पाठमोरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बॉम्बफेकी विमानाच्या अगदी शेपटीत काचेचा एक घुमट असतो. माणूस मावेल न मावेल एवढा. गुडघे पोटाशी घेऊन, मशीनगनच्या मुठी धरून त्यात सात-आठ तास बसायचं, तेही मागे तोंड करून. पॅराशूटसुद्धा आत ठेवायला जागा नाही, ते दाराबाहेर खुंटीला. बाकीचे सहा जण पुढे बघत जात आणि हा एकटा त्यांच्याकडे पाठ करून. नकाशे सांभाळणारा मास्तर म्हणायचा, आपल्याला गाव येताना दिसतं, याला जाताना. त्या मास्तरानेच त्याला पाठमोरा केला, आणि मग तळावर त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई.

विमान चालवणाऱ्याला सगळे दादा म्हणत. दादाचं वय चोवीस. दर दहा मिनिटांनी कानातल्या फोनवर दादाचा आवाज यायचा, "शेपटी, ठीक आहेस?" आणि पाठमोरा म्हणायचा, "ठीक आहे, दादा." एवढंच. पण मागे, काळोखात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत बसलेल्या माणसाला त्या तीन शब्दांचा केवढा आधार असतो ते तिथे बसलेल्यालाच ठाऊक.

तीन आठवड्यांपूर्वी एका फेरीत त्याची मशीनगन अडकली. ती सोडवायला त्याने उजव्या हाताचा मोजा काढला. मिनिटभराचं काम होतं, पण तेवढ्या उंचीवर मिनिट पुष्कळ झालं. दोन बोटं काळी पडली ती पडलीच. डॉक्टरांनी वाट पाहून पाहून शेवटी ती काढायची ठरवली. ज्या रात्री त्याची बोटं काढली, त्याच रात्री दादाचं विमान गेलं. पाठमोरा इंजेक्शनच्या गुंगीत होता. त्या रात्रीचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. सकाळी डोळे उघडले तर डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते आणि त्याच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. तेवढ्यावरून तो समजला.

त्याच्या जागी एक बदली गनर पाठवला होता. नवा पोरगा, त्याच दिवशी चार वाजता तळावर आलेला. सहा वाजता तो विमानात होता.

तर अशी ती सात माणसं आणि या सात पेट्या.

बराकीत आठ खाटा होत्या. शेगडी दोन दिवसांत पेटली नव्हती. पाठमोऱ्याने दादाच्या खाटेपासून सुरुवात केली. या कामाचा एक नियम असतो, कुठे लिहिलेला नसतो पण सगळे पाळतात. घरच्यांना लागेल असं पेटीतून काही जाता कामा नये. म्हणून तो डाव्या हाताने एकेक पत्र उघडून बघत होता. वायरलेसवाल्या कानसेनाला दोन मुलींची पत्रं येत, दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. त्याने एकीचा गठ्ठा ठेवला, एकीचा गार शेगडीत टाकला, पेटेल तेव्हा जळेल म्हणून. कुठली खरी हे त्याला माहीत होतं, कारण कानसेन झोपेत तिचंच नाव घ्यायचा. दादाचे मळके मोजे त्याने धुवून दोरीवर घातले, आईच्या हाती मळके कसे द्यायचे. मास्तराच्या वहीत त्या सगळ्यांची चित्रं होती, नाकं मुद्दाम लांब काढलेली. आपलं चित्र त्याने शोधलं. मास्तराने नुसती पाठ काढली होती. तेव्हा मात्र तो खाटेच्या कडेवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

सहा पेट्या भरल्या. सातवी राहिली. बदली पोराचं सामान कुठे दिसेना. त्याने इकडे-तिकडे पाहिलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. कोपऱ्यातल्या त्याच्या स्वतःच्या खाटेवर एक कॅनव्हासची पिशवी होती. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. पोराला कुणीतरी सांगितलं असणार, ही खाट रिकामी आहे, हिच्यावर टाक.

पिशवीत दोन शर्ट होते, दाढीचं सामान होतं, आणि काजं-बटणं अगदी निगुतीने केलेली एक विणलेली बंडी होती. पत्र नाही, फोटो नाही. पाठमोऱ्याने पिशवी पेटीत ठेवली आणि पांघरूण झटकायला हात घातला.

पांघरूण ऊन होतं.

कुणी नुकतंच उठून गेल्यावर असतं तसं. त्याने तळवा गादीवर टेकला. भिंतीकडची अर्धी बाजू गार, अलीकडची अर्धी ऊन. उशीला खळगा पडलेला. त्याने शेगडीला हात लावून पाहिला, ती बर्फ होती. बाहेर थंडीने खिडकीच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याला वाटलं, कोठीवाला येऊन पडला असेल. त्याने पेट्या कोठीत पोचवल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. कोठीवाला म्हणाला की गेलेल्यांच्या बराकीत तो एकटा पाऊलसुद्धा ठेवत नाही, झोपायचं तर सोडाच.

त्या रात्री पाठमोरा तिथेच झोपला. त्याची खाट तीच होती, दुसरीकडे जाणार कुठे. हाताला ठणका लागला होता. तो भिंतीकडे सरकून गार बाजूला निजला आणि थोड्या वेळाने, अंगात हिंमत आल्यावर, दुखरा हात उबेवर ठेवला. ठणका उतरत गेला. कितीतरी दिवसांनी त्याला एका झोपेत सकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला आणखी एक काम दिलं. घरच्यांना पत्रं जायची, त्यांवर सही साहेबांची असे, पण माणसं ओळखीची असली की मजकूर ओळखीच्यानेच लिहावा अशी त्यांची पद्धत होती. सहा पत्रं त्याने डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिली. सातव्याला कागद कोराच राहिला. काय लिहिणार? ज्याचं तोंड पाहिलं नाही, जो माझ्या जागी बसून गेला, त्याच्या आईला मी काय लिहू?

म्हणून तो विचारत हिंडला. विमानापर्यंत सगळ्यांना सोडणारी ट्रकवाली म्हणाली, होता एक, सगळ्यात मागे बसलेला. उतरताना त्याने विचारलं, की ज्याची जागा आहे त्याचा हात बरा होईल ना? तिने होईल म्हटलं, तर म्हणाला, मग बरं. चेहरा कसा होता म्हणाल तर तिला सांगता येईना. स्वयंपाक्याला एवढंच आठवत होतं, की पोराने ताट धुवून परत आणून दिलं, असं इथे कुणी करत नाही. मेकॅनिक म्हणाला, घुमटाची काच त्याने स्वतःच्या बाहीने पुसली. ज्याला त्याला पोराचं काहीतरी आठवत होतं, आणि चेहरा एकालाही आठवत नव्हता.

संध्याकाळी सहाला धावपट्टीवर इंजिनं सुरू झाली. थंडीच्या दिवसांत तेव्हा काळोख पडलेला असतो. एकामागून एक विमानं बराकीच्या छपरावरून गेली, पत्रा थरथरला, आणि मग शांत झालं. पाठमोरा खाटेवर बसून बूट काढत होता. त्याला रबराचा वास आला. प्राणवायूचा मुखवटा तोंडाला लावल्यावर येतो तसा, त्यात गार पडलेल्या तेलाचा वास मिसळलेला. आणि मग, लांबून, खरखर करत, दादाचा आवाज आला.

"शेपटी, ठीक आहेस?"

सवयीने त्याचं तोंड उघडलं. पण तो बोलायच्या आत त्याच्या अगदी जवळून, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून, कुणीतरी म्हणालं, "ठीक आहे, दादा."

कोवळा आवाज. भीती गिळून, मोठ्या माणसासारखं बोलू पाहणारा.

पाठमोरा एका पायात बूट घालून बाहेर धावला आणि बर्फात उभा राहिला. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. त्याचे दात वाजत होते. कोठीत जाऊन झोपावं, साहेबांना सांगावं, खाट बदलून मागावी, असं सगळं मनात येऊन गेलं. मग दुसरंही काही आलं. माझ्याच जागेवर बसलाय तो. मी इथे दोन पायांवर उभा आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. त्याला कुणी सांगितलंच नसेल, की आता उतर.

तो आत गेला. हळूच खाटेच्या कडेवर बसला. "कोण आहेस तू?" असं त्याने दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. घर कुठे, नाव काय, काहीच नाही. तेव्हा त्याने डोळे मिटले आणि दादा विचारायचा तसं विचारलं.

"शेपटी… ठीक आहेस?"

"ठीक आहे." मग हळूच, "गार आहे फार…"

पाठमोऱ्याने आपलं पांघरूण काढून उबेच्या बाजूवर घातलं, कडा नीट खोचल्या, आणि स्वतः कोट पांघरून बसला.

मग हे रोजचंच झालं. भीती गेली असं नाही, पण तिच्याशी ओळख झाली. सहा वाजले, विमानं गेली, की रबराचा वास यायचा. पाठमोरा दहा-दहा मिनिटांनी विचारायचा आणि पलीकडून एखादा शब्द यायचा. कधी नुसतं "हो." कधी "खाली काही दिसत नाही." एकदा म्हणाला, "तुम्ही झोपा, मी जागा आहे," तेव्हा पाठमोऱ्याने पांघरुणाच्या कडा पुन्हा खोचल्या. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी उत्तर यायला वेळ लागला. पाठमोऱ्याने पुन्हा विचारलं.

"आईला सांगाल?"

"सांगेन. काय सांगू?"

"मशीन मी पाडलं होतं… आत्याने नाही."

त्यावर पाठमोऱ्याने काय मशीन, कुठली आत्या, असं पुष्कळ विचारलं. पलीकडून पुन्हा तेच आलं, लहान मुलाने कबूल करावं तसं. मी पाडलं. आत्या नव्हती.

रात्रभर तो त्या कोऱ्या कागदासमोर बसून होता. हे खरं असेल कशावरून? हाताच्या दुखण्याने, एकटेपणाने माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. आणि खोटं निघालं तर? ज्या बाईचा मुलगा गेला तिच्यापुढे आपण काहीतरी बरळायचं, याच्याइतकं वाईट काय आहे. पण खरं असेल आणि आपण दाबून ठेवलं, तर तो पोरगा त्या खाटेवर किती दिवस बसून राहील? पहाटे त्याने लिहिलं. तुमच्या मुलाचा आणि माझा सहवास थोडाच झाला. जेवल्यावर ताट धुवून ठेवणारा तो या तळावरचा एकटाच. माझा हात दुखत होता तर त्याने माझी चौकशी केली. त्याने तुम्हाला एक निरोप सांगितला आहे. मशीन त्याने पाडलं होतं, आत्याने नाही.

साहेबांनी पत्र वाचलं. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, की तू दवाखान्यात असताना हा आला आणि गेला, तुझी याची भेट कधी झाली? पाठमोरा म्हणाला, झाली. साहेबांनी पुन्हा एकदा पत्र वाचलं आणि सही केली.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दोन गेले. बराकीत नवी माणसं यायची तारीख ठरली. पाठमोऱ्याची दुसऱ्या तळावर नेमणूक झाली, नव्या गनर पोरांना शिकवायला. जायला दोन दिवस उरले असताना फाटकावरून निरोप आला, की पत्रातला तो हात दुखणारा कोण, त्याला भेटायला एक बाई आल्या आहेत.

बुटकीशी, पन्नाशीची बाई. बोटांची टोकं सुईने टोचून टोचून राठ झालेली. दोन बस बदलून आली होती. पाठमोऱ्याने तिला ट्रकच्या आडोशाला बाकावर बसवलं आणि तिच्यासाठी गरम पाणी आणलं. तिने ते घेतलं, प्यायली नाही, हातात धरून बसली. मग सांगू लागली. ती लोकांचे कपडे शिवते. आठ वर्षांपूर्वी तिचं शिलाई मशीन कुणीतरी टेबलावरून पाडलं, चाकच तुटलं. घरात तेव्हा नणंद राहायची, आधार नसलेली, त्यांच्याच जिवावर. दोघींचं आधीच जमत नव्हतं. हिने तिच्यावर आळ घेतला, बोलू नये ते बोलली, आणि नणंद ट्रंक घेऊन गेली. त्यानंतर तोंड पाहिलं नाही. पोरगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता.

"तुझं पत्र आलं तशी मी तिच्याकडे गेले," ती म्हणाली. "घेऊन आले घरी. आता आम्ही दोघीच."

पाठमोरा तिच्या शेजारी बाकावर बसला. मावशी, एवढंच तो म्हणाला.

"लोक मला सांगत होते, सापडला नाही म्हणजे कुठेतरी जिवंत असेल, कैदेत असेल. मलाही तसंच वाटत होतं." तिने पेला बाकावर ठेवला. "पत्र वाचलं तेव्हा कळलं की गेला. जिवंत असता तर हे त्याने कुणालाही सांगितलं नसतं, बाळा. माझ्या पोटचा आहे, मी ओळखते."

थोड्या वेळाने तिने विचारलं, की तो कुठे झोपायचा ते दाखवशील का. तो झोपलाच नाही इथे, हे सांगायला पाठमोऱ्याची जीभ उचलेना. तो तिला बराकीत घेऊन गेला. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलेलं. तिने कोपऱ्यातल्या खाटेवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मग मान न वळवता म्हणाली, "तू जरा बाहेर थांब."

तो पायरीवर बसला. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. रागवल्यासारखा, मग समजूत घातल्यासारखा, मग नुसताच एका लयीत. एकदा ती चक्क हसली. पांघरूण झटकल्याचा आवाज आला. नंतर कितीतरी वेळ काही नाही. ती बाहेर आली तेव्हा पदराने हात पुसत होती, मुलांची निजानीज झाल्यावर बाया पुसतात तसे.

"झोपला," ती म्हणाली.

ती गेल्यावर पाठमोऱ्याने गादीला हात लावून पाहिला. इकडची बाजू आणि तिकडची बाजू, दोन्ही सारख्याच गार होत्या. त्या संध्याकाळी सहा वाजता विमानं गेली, आणि रबराचा वास आला नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पाठमोऱ्याला झोप लागली नाही. खाट त्याला उगाचच फार रुंद वाटत राहिली.

लढाई संपली. पाठमोरा त्या शिवणकाम करणाऱ्या मावशीच्या गावी वर्षातून दोनदा जाऊ लागला. आत्या त्याला ताटावर आग्रह करी आणि मावशी आत्यावर खेकसे, की किती वाढतेस, पोराचं पोट आहे की पोतं. दोघींचं अजूनही पटत नव्हतं, पण एकीला दुसरीशिवाय करमत नव्हतं. त्याचे शर्ट आता मावशीच शिवायची, उजव्या हाताने लावता येतील अशी मोठी बटणं लावून.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सरकारी पत्र आलं. विमान सापडलं होतं. समुद्रापलीकडे, एका दलदलीच्या कडेला, आणि जवळच्या खेड्यातल्या लोकांनी त्याच वेळी सगळ्यांना नीट पुरलं होतं. मावशी म्हणाली, मला घेऊन चल. आत्याने वाटेसाठी डबा बांधून दिला. आगबोट, आगगाडी, मग एका शेतकऱ्याची घोडागाडी, असं करत ते दोघं पोचले.

गावचा सुतार त्यांना घेऊन गेला. म्हातारा, रुंद हाडापेराचा. पुरायच्या पेट्या त्यानेच केल्या होत्या. त्याची मुलगी शाळेत शिकवायची, तिला यांची भाषा येत होती, ती मधे चालत होती. झाडांच्या रांगेखाली लाकडी पाट्या ओळीने लावलेल्या होत्या. गवत कापलेलं. कुणाचा तरी रोजचा हात फिरत असल्यासारखी जागा.

मावशीला तिच्या मुलाची पाटी सापडली, सातवी. ती खाली बसली आणि तिने पाटीवर तळवा ठेवला. पाठमोरा दादापाशी थांबला, मास्तरापाशी थांबला, एकेक करत शेवटपर्यंत आला. आणि त्याने पुन्हा मोजलं.

पाट्या आठ होत्या. आठवीवर काही लिहिलेलं नव्हतं.

विमानात सात जण होते, असं त्याने मुलीला सांगितलं. तिने बापाला विचारलं. म्हाताऱ्याने डोकं हलवलं आणि बोटांवर मोजून दाखवलं. पुढे पाच. मधे एक. शेपटीत दोन.

"शेपटीत एकच माणूस मावतो," पाठमोरा म्हणाला.

मुलीने ते सांगितल्यावर म्हातारा संथपणे, थांबत थांबत बोलू लागला आणि ती त्याच्या मागोमाग सांगत गेली. घुमटाभोवतीचा पत्रा बाबांनी स्वतः करवतीने कापला. आत दोघं होते. एक लहान, उड्डाणाच्या कपड्यांत. आणि त्याच्या मागे दुसरा, त्याला मांडीवर घेऊन बसलेला, दोन्ही हातांनी कवळून, थंडीत पोराला धरतात तसा. हात सुटेनात म्हणून दोघांना एकाच पेटीत ठेवलं. माणसं दोन, म्हणून पाट्या दोन लावल्या. दुसऱ्याच्या गळ्यात नंबराचा बिल्ला नव्हता. कोट नव्हता, बूट नव्हते. अंगात नुसता पांढरा सैल सदरा. दवाखान्यात घालतात तसला…

सांगता सांगता मुलगी थांबली, कारण म्हातारा बोलायचा थांबला होता. पाठमोऱ्याने डोक्यावरची टोपी काढली होती आणि म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत होता. म्हातारा एक पाऊल मागे सरला. मग काहीतरी पुटपुटला. मुलीने ते लगेच सांगितलं नाही.

"काय म्हणतात?" पाठमोऱ्याने विचारलं.

"विचारतायत… तुम्हाला जुळा भाऊ होता का?"

मावशी पाटीला धरून उठली. पाठमोऱ्याजवळ आली, त्याचा दुखरा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळू लागली, गार पडला असेल तर ऊब यावी म्हणून.

"होता म्हणून सांग, पोरी," ती म्हणाली.

मुलीने सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली, पण त्याचं समाधान झालेलं दिसेना. फाटकापर्यंत तो त्यांच्या पुढे चालला. तिथे थांबून, पाठमोऱ्याकडे न बघता, तो मुलीशी हलक्या आवाजात बोलला. तिने दोनदा त्याला परत विचारून घेतलं.

"बाबा म्हणतात, त्यांचा सारा जन्म पेट्या करण्यात गेला. लाकडाचं वजन, माणसाचं वजन त्यांना हाताला कळतं. दोघांची पेटी म्हणून त्यांनी उचलायला सहा जण बोलावले होते. खिळे बाबांनीच ठोकले, आत दोघं होते हे डोळ्यांनी बघून ठोकले." ती जरा अडखळली. "पण उचलली तेव्हा… वजन एकाचंच होतं."